मागं अर्धा फूट जास्त

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आष्टी तालुक्यातल्या आमच्या शाळेत आठवीच्या पोरांना तोंडपाठ आहे. भूमितीची सूत्रं पाठ नसतात, ते सोडा.

म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, भूमिती कामावर नेऊन शिकवायची. माझ्या नव्या घराच्या पायाची आखणी होती. अख्खा वर्ग प्लॉटवर नेला. गवंडी माझ्याच वर्गातल्या एका मुलीचा बाप. आधी तयारच होईना. "सातवी नापास माणूस मी, सर. पोरांम्होरं हसं हुईल माझं." पोरगी आठवडाभर त्याच्या मागं लागली, तेव्हा कुठं गडी हो म्हणाला. आखणीच्या दिवशी ती नवी रिबीन बांधून आली होती.

त्यानं खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, पांढरी फक्की टाकली. मग समोरासमोरचे कोपरे टेपनं मोजून दाखवले. दोन्ही कर्ण तंतोतंत सारखे.

"वा! कर्ण सारखे, म्हणजे आयत. लिहून घ्या!" मी जोरात सांगितलं.

तेवढ्यात बाजू मोजणाऱ्या पोरांनी बोंब ठोकली. पुढची बाजू चोवीस फूट, मागची साडेचोवीस. "सर, घर वाकडं हाय!" सगळे खिदळायला लागले. पोरगी मान खाली घालून रिबिनीचं टोक चावत उभी. आणि मी शहाणा, तिच्यादेखत तिच्या बापावर खेकसलो, "अहो, एवढं साधं जमत नाही तुम्हाला?"

त्यानं हात झटकले. "जमतंय की, सर. गोमुखी ठेवलंय. म्होरं निमुळतं, मागं रुंद. दोन्ही अंगाला तीन-तीन इंच. तुमच्या आईनं सांगितलं व्हतं."

आई तिथंच खुर्ची टाकून बसलेली. "शुभ असतंय ते. तुला कशाला सांगू? तू ऐकतो का कुणाचं?"

वर्ग पुन्हा हसला. या वेळी माझ्यावर.

मग पोरगी बोलली. "सर, मंग ह्यो आयत न्हाई. समद्विभुज समलंब चौकोन हाय. त्याचे बी कर्ण सारखेच असतेत. तुमी चुकीचं लिवून दिलं."

इतकी वर्षं शिकवतोय, लाज वाटली हो. पोरांसमोर कान धरला, गवंड्याची माफी मागितली.

"काय म्हणली ती, सर?" त्यानं हळूच विचारलं.

"बरोबर म्हणाली. माझी चूक काढली तिनं."

तो दोरी गुंडाळत होता. गुंडाळून झाली, ती त्यानं पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

पुढच्या सोमवारी माझा तास चालू असताना गवंडी वर्गाच्या दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात काटकोन बघायचा लोखंडी गुण्या. मी बोलावलंही नव्हतं.

"सर," तो चपला काढत म्हणाला, "जिन्याचा कोन शिकवलाय का पोरांला? मला येतोय त्यो."