पुलाजवळचं पाणी
परवा बाजारात कुणीतरी वाळका भोपळा कानाशी धरून हलवला, आतल्या बिया खडखडल्या आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. निजामाच्या राज्यातली गोष्ट. मिसरूड फुटलं तरी मला पोहता येत नव्हतं. दुधना नदीवरच्या रेल्वेपुलाच्या दगडी खांबाशेजारी पायाखाली वाळू होती, पाणी खांबाला अडून संथ लाटेनं पसरायचं. शिकणारे पाठीला वाळका भोपळा बांधून तिथंच उतरायचे. शिकवणारे माझे मामा, मी त्यांच्याच घरी राहायचो. ते रोज काठावर उभे राहून पाणी बघायचे आणि म्हणायचे, "आज न्हाई. लई गढूळ हाय." कधी ओढ फार, कधी भोवरा. मी भोपळा काखेत घेऊन चरफडत माघारी. शेवटी एका सकाळी शेतात त्यांचा निरोप आला, "पाणी बराबर झालंय, जल्दी ये." वखर सोडून मी भोपळा घ्यायला घरी पळालो, तर मामीनं तो फोडून बिया परसात लावून टाकल्या होत्या. "वापसा आला, मातीची ओल बराबर झाली, मंग बी कधी लावू?" म्हणाली, आणि भोपळ्याची अर्धी कवटी माझ्या हातात ठेवली, "घे, रांजणातलं पाणी काढायला होईल." त्या साली वेलाला भोपळेच भोपळे लागले. वाळेपर्यंत एकही टिकला नाही, सगळे कोवळेच भाजीत गेले. मला पोहता अजून येत नाही.