बंड्याची नखं आणि काकांचा फेरफटका

लोक कुत्र्याचं दुखरं नख घेऊन येतात आणि जाताना घरातली एखादी गोष्ट आमच्या टेबलावर सोडून जातात. शांती नगरातल्या माझ्या दवाखान्यात अशा गोष्टींचा ढीग झालाय. कुत्र्याला धरून ठेवायचं काम माझ्या असिस्टंटचं, ज्योतीचं. दुपारी पेशंट नसले की चहा घेता घेता आम्ही दोघी तेच तेच किस्से उगाळतो. औषधांची नावं कधी कधी पटकन आठवत नाहीत, पण किस्से बरोब्बर आठवतात!

*

नखं कापायला लोकांना वेळ मिळतो तो ऑफिसातून आल्यावर. आणि दिवे लागल्यावर नखं कापायची नाहीत, हे प्रत्येकाला आईने लहानपणीच बजावलेलं. शनिवारी तर नाहीच नाही. जवळच्या इंद्रलोक वसाहतीतल्या एका सासूबाईंनी सुनेला लॅब्राडॉरसकट आमच्या दारातून परत फिरवलं होतं, शनिवार म्हणून.

मी म्हणाले, "आजी, हा नियम माणसांना आहे हो."

"घर तर आमचंच ना? साडेसाती काय नखं कोणाची ते विचारून येते?"

वाढलेलं नख कशातही अडकतं. त्या लॅब्राडॉरचं सोफ्याच्या कव्हरात अडकून मुळापासून मोडलं आणि दिवेलागणीलाच मंडळी परत दारात. मोडका तुकडा काढून मी पट्टी बांधत होते. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. आता काय म्हणतात, असं मनात आलं, तर त्यांनीच आम्हाला समजावलं, "हे कापणं नव्हे. हे औषध."

*

आमच्या बिल्डिंगमधल्या जिग्नेशभाईंनी एकदा घरीच कुत्र्याच्या नखांवर कात्री चालवली. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, ती काळ्या नखात दिसत नाही. कात्री जरा खोल गेली आणि भाईंचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं त्यांचाच पाय कापलाय. मी सांगितलं, कॉर्नफ्लोअर लावून बोट घट्ट दाबून धरा, रक्त थांबेल. कॉर्नफ्लोअर संपलेलं होतं म्हणून त्यांनी कस्टर्ड पावडर लावली, व्हॅनिलाची. रक्त थांबलं.

दुसऱ्या दिवशी दाखवायला आणलं तेव्हा कुत्रा आळीपाळीने चारही पाय पुढे करत होता. भाई वैतागून म्हणाले, "कल से सबको पैर दिखा रहा है. वॉचमन को भी!"

*

तारोडीहून पास्कल नावाचा एक मासेमार यायचा. त्याच्या कुत्र्याच्या अंगठ्याचं नख गोल वळून मांसात घुसलं होतं. पास्कलला ते पटेचना. त्याचा कुत्रा दिवसभर रेतीत आणि दगडांवर धावणारा, त्याची नखं कशाला वाढतील? मी दाखवलं, की बाकीची नखं जमिनीवर घासून झिजतात, अंगठा वर असतो, त्याचं नख आपणच कापावं लागतं.

त्याने तो अंगठा बराच वेळ निरखला. मग म्हणाला, "म्हंजे घरात हाय, पन जमिनीला लागत न्हाय. आमचा मेव्हना हाय हा!"

*

महाडिक काकांच्या बंड्याचा किस्सा मात्र ज्योती हसत सांगत नाही.

काका बँकेतून रिटायर झाल्यावर परळ सोडून इथे राहायला आले. रोज संध्याकाळी ते आणि त्यांचा तपकिरी गावठी बंड्या फिरायला निघायचे आणि शेवटी आमच्या पायरीशी थांबायचे. काका डोकं आत घालून विचारायचे, "डॉक्टर, नखं बघता का?" बघण्यासारखं काही नसायचंच. सिमेंटच्या रस्त्यावर एवढं चालणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात. मी म्हणायचे, "काका, तुमच्यामुळे माझा धंदा बसतोय." रोज तेच वाक्य, आणि रोज ते नव्याने हसायचे. काका अचानक गेले. त्यानंतर कित्येक दिवस संध्याकाळी ते वाक्य माझ्या ओठांवर यायचं आणि दारात कोणी नसायचं.

काही महिन्यांनी काकू बंड्याला घेऊन आल्या. त्याचं नख पायपुसण्यात अडकून उपटलं होतं. बाकीची नखं एवढी वाढलेली, की फरशीवर टकटक वाजत होती. काकू म्हणाल्या, त्या त्याला खाली नेतात आणि लगेच वर आणतात. फिरवायचं काम यांचं होतं.

"रोज म्हणायचे, चल ना गं तूही. आणि माझ्या रोज पोळ्या राहिलेल्या असायच्या."

पट्टी बांधून मी सांगितलं, जखम भरली की याला रोज रस्त्यावर चालवा, नाहीतर पुन्हा मोडेल. काकू गोंधळल्या. त्यांना बाजार आणि देऊळ सोडून इथले रस्तेच माहीत नव्हते. मी म्हणाले, "त्याला माहीत आहेत. तुम्ही त्याच्या मागे जा."

*

मग एके संध्याकाळी बंड्या आमच्या पायरीवर हजर, मागे काकू. त्या हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. बंड्या त्यांना घेऊन थेट जिलेबीच्या दुकानासमोर बसला होता, आणि दुकानदाराने न विचारता दोन जिलेब्या कागदात बांधून पुढे केल्या होत्या. "डॉक्टर, मी यांच्या शुगरसाठी रोज सकाळी कारल्याचा रस काढत होते!"

तिथून तो बागेतल्या कोपऱ्यातल्या बाकाशी जाऊन बसला आणि उठेचना. काकूंना कळेना, इथे आहे तरी काय. शेवटी त्या स्वतःही बसल्या आणि सहज समोर वर पाहिलं.

"तिथून आमचं स्वयंपाकघर दिसतं," त्या म्हणाल्या. "ओट्यापाशी कोण उभं आहे, तेसुद्धा."

ज्योतीने कात्री खाली ठेवली.

*

त्यानंतर बंड्याची नखं छान झिजली. काकूंचा फेरफटका एकदाही चुकला नाही. मध्ये गटाराच्या जाळीत अडकून एक नख पुन्हा दुखावलं, म्हणून मी त्याचं फिरणं काही दिवस बंद केलं.

त्याच दिवसांत मी दवाखाना बंद करून बागेतून घरी चालले होते. दिवे नुकतेच लागले होते. कोपऱ्यातल्या बाकावर काकू एकट्याच बसल्या होत्या, मांडीवर जिलेबीचा कागद.

मी विचारलं, "काकू, बंड्याला आराम सांगितलाय ना?"

"त्याला सांगितलाय. तो पट्टी बांधून घरी झोपलाय. मला कुठे सांगितलाय?"

मी वर पाहिलं. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उजळलेली होती.

"घरी कोणी आलंय का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "लाईट मीच लावून आलेय."

आणि त्या बाकावर जराशा बाजूला सरकल्या. मी त्यांच्या उजवीकडे उभी होते. त्यांनी जागा केली ती डावीकडे, जिथे कोणीच नव्हतं.