पुण्याला न्यायचा राउटर

१५ फेब्रुवारी, शनिवार. टेबलात कायमचा बसवायचा राउटर ठरवणे. प्लेटवर भोकांच्या खुणा करणे.

गॅरेजमधल्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. वहीत मी फक्त कामं लिहिते. त्या दिवशी बाकी जे झालं ते इथे लिहिते आहे.

राउटर म्हणजे घरात इंटरनेट देणारा डबा नव्हे. सुतारकामातला राउटर म्हणजे एक उभी मोटर आणि तिच्या टोकाला गरगर फिरणारं पातं. हातात धरून लाकडाच्या कडेने नेला की कड गोल होते, खाच पडते, नक्षी उमटते. तोच उलटा करून टेबलाखाली टांगला की पातं टेबलातून वर येतं आणि आपण यंत्राऐवजी लाकूड सरकवतो. मोठं पातं असेल तर दुसरा मार्गच नाही. हातात धरून चालवलं तर मनगट जातं.

मला मोठंच पातं लागणार होतं. एका जुन्या घराच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांची चौतीस दारं करायची होती. प्रत्येक दारात मधली फळी चारी बाजूंनी उतरती. त्या उतारासाठीचं पातं माझ्या तळहाताएवढं आहे. आम्ही अमेरिकेच्या वाळवंटातल्या चँडलरला राहतो. इथे मे महिना उजाडला की गॅरेजमध्ये दुपारी उभं राहवत नाही, पंखा गरम वारा फेकतो. म्हणजे हातात अडीच महिने होते.

नवरा सकाळी चहाचा कप आणि लॅपटॉप घेऊन गॅरेजमध्ये आला. चिप बनवणाऱ्या कंपनीतून त्याने डिसेंबरमध्ये लवकर निवृत्ती घेतली होती. मुलगी सिॲटलला नोकरीला. घरात आम्ही दोघंच, आणि त्याच्याकडे वेळच वेळ.

"कम्पॅरिझन केलंय मी," तो म्हणाला. "अकरा मॉडेल्स. वेटेड स्कोअर काढलाय."

एक्सेलची शीट नीट होती. त्याच्या शीट नेहमीच नीट असतात. हॉर्सपॉवर, वजन, वेग कमी-जास्त करता येतो का, वॉरंटी, रिव्ह्यू. शेवटचा रकाना: रीसेल.

"रीसेल कशाला?"

"अगं, जूनमध्ये विकावाच लागेल ना."

"मी विकणार नाहीये."

"मग शिपिंग वेट टाकू त्या कॉलममध्ये?"

जूनमध्ये पुण्याला परत जायचं असं त्याने ठरवलं होतं. ठरवल्याचं मला जानेवारीत सांगितलं होतं. त्याची आई त्र्याऐंशीची, एकटी राहते. जायला हवं हे मलाही कळत होतं. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. चौतीस दारांची ऑर्डर मात्र घेतली होती.

"आणि पर्मनंट कशाला बसवतेस?" तो म्हणाला. "क्लॅम्प लाव. काम झालं की काढून टाक."

"तीन हॉर्सपॉवरची मोटर क्लॅम्पवर लटकवू? मग फळी धरायला तू उभा राहा. बोटं तुझी."

"तू पण ना यार, काहीही."

बावीस वर्षांत आमच्या घरात कायमचं म्हणून काही बसलेलं नाही. भिंतीवरचे फोटो चिकटपट्टीच्या हुकांवर आहेत, कारण खिळ्यांची भोकं घर विकताना दिसतात. पडदे आधीच्या घरमालकाचे. प्रत्येक यंत्राचा खोका, आतल्या थर्मोकोलसकट, गॅरेजच्या छताला टांगलेल्या रॅकवर. आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत थोड्याफार फरकाने हेच आहे. कधीही निघायला तयार, आणि निघत कोणीच नाही. "अजून दोन वर्षं" हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून, इतक्या जेवणांना ऐकलंय की ते वाढप्याने कोशिंबीर विचारल्यासारखं वाटतं.

तर राउटर. माझ्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, माझा रोजचा, सव्वादोन हॉर्सपॉवरचा. हात बसलेला, पण मोठ्या पात्याला कमी पडणारा. आणि तो टेबलात गेला की हातात काही उरत नाही. दुसरा, नवऱ्याच्या शीटमधला पहिल्या नंबरचा, नवा घ्यायचा. तिसरा रॅकवर खोक्यात होता आणि नऊ वर्षं तो आम्ही मोजतच नव्हतो.

त्याची गोष्ट अशी. नऊ वर्षांपूर्वी माझी आई पुण्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी एकुलती एक, वडील आधीच गेलेले. आम्ही परत जायचं ठरवलं. नवऱ्याने राजीनाम्याचा मसुदा लिहिला. त्याच महिन्यात शिकागोला एक लग्न होतं, म्हणून डेव्हन ॲव्हेन्यूवर गेलो. तिथे साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या रांगेत परत जाणाऱ्यांसाठीचं एक दुकान होतं. सगळी यंत्रं भारतातल्या २३० व्होल्टची; अमेरिकेतलं साधं सॉकेट एकशेवीसचं. त्याने मिक्सर घेतला, मी राउटर घेतला, तीन हॉर्सपॉवरचा. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती त्या सात वर्षांत मी कम्युनिटी कॉलेजात सुतारकाम शिकले होते. पुण्यात वर्कशॉप काढायचं असं मनात होतं. अमेरिकेत राहून अमेरिकेत न चालणारं यंत्र अमेरिकेतल्या दुकानातून हौसेने विकत आणणारी माणसं जगात दुसरी नसतील.

शिकागोहून परत आलो आणि पंधरा दिवसांत ग्रीन कार्डची रांग पुढे सरकली. आमचा नंबर आला. नवरा म्हणाला, आत्ता गेलो तर इतक्या वर्षांची रांग फुकट. ते खोटं नव्हतं. मीही शेवटी मान डोलावली, हे इथे लिहिलं पाहिजे. आई वृद्धाश्रमात गेली. चौदा महिने होती. त्यातले अकरा दिवस मी तिच्याजवळ होते. मिक्सर आम्ही भारतात परत निघालेल्या एका कुटुंबाला देऊन टाकला. राउटर राहिला.

त्या शनिवारी मी तो खोका फक्त मापासाठी खाली काढला. मोठ्या यंत्राचा तळ टेबलात बसणाऱ्या धातूच्या प्लेटवर मावतो का हे बघायचं होतं. यंत्र बाहेर काढलं, उलटं ठेवलं. बुडाला एक भोक होतं, त्यातून चावी घालून उंची वरूनच बदलता येते. म्हणजे टेबलात बसवायला अगदी बरोबर. वेग कमी करता येत होता. मग कडेची पट्टी वाचली: २३० व्होल्ट, ५०–६० हर्ट्झ.

मी मान वर केली तर समोर भिंतीवर नवऱ्याच्या इलेक्ट्रिक गाडीचं सॉकेट. दोनशे चाळीस व्होल्टचं.

मी इलेक्ट्रिकलची इंजिनिअर आहे. कपडे वाळवायचं यंत्र, शेगडी, एसी, या घरात हे सगळं दोनशे चाळीसवर चालतं हे मला बावीस वर्षं माहीत आहे. वीस अँपिअरचा एक ब्रेकर आणि आठ फूट वायर, एवढंच लागणार होतं. यंत्र नऊ वर्षं चालण्यासारखं होतं. डेव्हनच्या दुकानदाराने "इधर नहीं चलेगा" म्हटलं, नवऱ्याने तेच खोक्यावर मार्करने लिहिलं, आणि मी, जिने ट्रान्सफॉर्मरवर परीक्षा दिल्या, एकदाही पट्टी वाचली नाही.

इलेक्ट्रिशियनला मंगळवारची वेळ मागितली. मग नवऱ्याला सांगितलं.

"हा बसवतेय."

तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी खरंच म्हणतेय. "अगं, हा तिकडे न्यायला घेतला होता ना?"

"हो. कधी नेणार होतो?"

"आता नेऊ की. जूनमध्ये. हा एकच तर आहे जो तिकडे चालेल. तू उलटंच काम करतेस. नवा घे, तो इथे बसव, जाताना विकून टाक. हा खोक्यात ठेव. सिंपल."

हिशेबाने त्याचं बरोबर होतं. त्याचं नेहमीच हिशेबाने बरोबर असतं.

"टेबलात बसवायचा तर याच्या स्प्रिंगा काढाव्या लागतील," मी म्हणाले. "तळाला भोकं पाडावी लागतील. मग तो हातात धरून वापरता येत नाही."

"तेच म्हणतोय मी! मग तिकडे काय कामाचा?"

"काहीच नाही."

त्याने कप माझ्या करवतीच्या टेबलावर ठेवला. तिथे ठेवायचा नाही हे मी शंभरदा सांगितलंय.

"आईला आता एकटं जमत नाही गं. एटी-थ्री आहे ती."

"माझी एकोणऐंशीची होती."

"तेव्हा ग्रीन कार्डची डेट करंट झाली होती. तूच हो म्हणालीस."

"म्हणाले."

"मग?"

"मग काही नाही. तो काटकोनाचा गुण्या दे इकडे. आणि कप उचल."

संध्याकाळी साडेसातला तो आईला फोन करतो. तिकडे रविवारची सकाळ असते. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार मी हवा यावी म्हणून थोडं उघडं ठेवलं होतं. फोन स्पीकरवर होता. मी प्लेटवर खुणा करत होते.

"येईल ती हळूहळू," तो म्हणत होता. "सध्या तिचं सुतारकाम निघालंय. तुला माहितीये ना तिचं. मागच्या वेळीही तिनेच खोडा घातला होता. मी तर राजीनामा लिहून बसलो होतो."

"बायकोच्या मनाविरुद्ध नको रे काही करूस," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हाही तिचं मन नव्हतंच."

पेन्सिलीचं टोक मोडलं. मी दुसरी घेतली आणि चौथी खूण केली.

त्या चौदा महिन्यांत सासूबाई दर गुरुवारी माझ्या आईला भेटायला वृद्धाश्रमात जात. दोन बस बदलून. डब्यात मऊ भात आणि मेतकूट असायचं. माझ्याशी फोनवर त्या काळात फार कोरड्या बोलायच्या. मला वाटायचं, दमत असतील. मी दर वेळी आभार मानायचे आणि त्या "हं" म्हणायच्या.

त्याच्याशी भांडायला मी आत गेले नाही. भांडले असते तर तो म्हणाला असता, अगं, आईला समजावताना माणूस काहीही बोलतो. तेही कदाचित खरं असेल. मला दुसरंच काही विचारायचं होतं आणि ते त्याला विचारून उपयोग नव्हता. मी राउटरच्या स्प्रिंगा काढल्या, झाडून घेतलं, आणि आत जाऊन पोळ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सासूबाईंना फोन केला. तो अजून झोपला होता. तिकडे संध्याकाळ, टीव्हीवर मालिका चालू.

"आई, एक सांगायचंय. नऊ वर्षांपूर्वी मला यायचं होतं. नको म्हणाला तो. नंतर मीही मान डोलावली, पण आधी नको म्हणाला तो."

टीव्हीचा आवाज बंद झाला.

"तो तर म्हणाला होता की…"

"काल ऐकलं मी."

"अगं, मला काय माहीत."

"तुम्हाला दोष देत नाहीये. एकच विचारते. माझ्या आईला काय सांगितलं होतंत?"

त्या म्हणाल्या, "ती विचारायची, कधी येणार म्हणून. मी काय सांगणार? जे कळलं होतं ते सांगितलं. जावई तयार आहे, लेकीचं मन होत नाही. तुझ्याबद्दल वाईट नाही हो बोलले मी कधी."

"मग ती काय म्हणायची?"

"म्हणायची, मी विचारते म्हणून तिला सांगू नका."

म्हणून फोनवर आईने मला एकदाही विचारलं नव्हतं.

"जूनमध्ये तो येतोय," मी म्हणाले. "एकटा."

"आणि तू?"

"मला इथे काम आहे. तुमच्या गोळ्यांची यादी मला फोटो काढून पाठवा, त्याच्या लक्षात राहायची नाही."

"पाठवते," त्या म्हणाल्या. मग, "अगं, ऐक…" आणि टीव्हीचा आवाज परत सुरू झाला. फोन मी ठेवला.

तो खाली आला तेव्हा चहा गाळून झाला होता.

"कोणाशी बोलत होतीस?"

"तुझ्या आईशी. एकच तिकीट काढ."

"काय सांगितलंस तिला?"

"झालं ते."

तो खुर्ची ओढून बसला. काही म्हणेल म्हणून मी अर्धा कप संपेपर्यंत थांबले. त्याने फोन काढला आणि विमानाच्या तारखा बघायला लागला. मग मी गॅरेजमध्ये गेले, डोळ्यांवर चष्मा चढवला, राउटरच्या तळाला आणि प्लेटला चार-चार भोकं पाडली, स्क्रूची डोकी वर येऊ नयेत म्हणून प्लेटच्या भोकांच्या कडा उतरत्या केल्या, आणि राउटर उलटा धरून चारही स्क्रू घट्ट आवळले.