कलावतीचा नवरा

नंदकिशोर गुरुजींची त्या दिवशी सकाळपासून तंतरली होती. मुलुंडच्या एका सोसायटीच्या देवळात पूजाअर्चा करता करता त्यांचे केस पिकले. देवळामागची खोली हाच पगार, वर लोक देतील ती दक्षिणा. तोंडाने आकडा सांगायचा नाही, ही वडिलांची शिस्त. आता सेक्रेटरी केतनने सरळ सांगून टाकलं होतं, "गुरुजी, कमिटीत काही जण म्हणतात, त्या खोलीत जिम करू, पूजेला ऑनलाइन भटजी मागवू. वार्षिक सत्यनारायण होऊ दे, मग बघू." म्हणजे परीक्षाच की हो, आणि ती या वयात.

त्यात हल्ली गुरुजी विसरायला लागलेले. हे फक्त त्यांच्या बायकोला, माणिकला ठाऊक.

कथा ते पोथीशिवाय सांगत, तोच त्यांचा लौकिक. आज पूजेला समोर पोथी ठेवली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नाही. पोथी उघडली की लोकांना संशय येईल, ही धास्ती. चौथ्या अध्यायात कलावती प्रसाद टाकून नवऱ्याला भेटायला धावली, नवरा नावेसकट बुडाला, आणि गुरुजींचं डोकं कोरं झालं. पुढे काय? अख्खी सोसायटी समोर, केतन टक लावून बघतोय. वाट लागली, खोली गेली, एवढंच सुचत होतं. मग तोंडात आला तो एकदम पाचव्या अध्यायातला राजा. गुरुजी तसेच दामटत सुटले.

आता कोणीतरी उठून विचारणार म्हणून त्यांनी मान वर केली नाही. आरती झाली तशी केतन येऊन पाया पडला. "झकास झाली गुरुजी, एकदम आटोपशीर. खोली तुमचीच. फक्त दरवर्षी एवढीच ठेवा."

प्रसादाचं पातेलं घेऊन माणिक खोलीत आली. "अहो, कलावती परत जाऊन प्रसाद खाते, मग तो वर येतो ना? तुम्ही त्याला बुडालेलाच ठेवलात."

"कोणाला कळलं नाही गं."

"मग सुटलात की."

गुरुजी भिंतीला टेकून बसले. "यांना कळेल म्हणून घाबरलो होतो मी. माणिक, इतकी वर्षं यांनी काही ऐकलंच नाही. उद्या त्या पाटावर कोणीही बसेल, यांना फरकसुद्धा कळायचा नाही."

तिने पाणी पुढे केलं. ते बाजूला ठेवून त्यांनी आधी प्रसादाचा घास घेतला.