तलावाला गळती आहे

नेडीनने आपल्या होणाऱ्या सासूबाईंना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा दारातून आधी टोपी आली. टोपीवर द्राक्षं होती, दोन पक्षी होते आणि बहुधा त्या पक्ष्यांचं बिऱ्हाडही. टोपी संपल्यावर बऱ्याच वेळाने ऑलिटाबाई आल्या. त्यांनी नेडीनच्या बरगड्या एकमेकींना भेटतील इतकी घट्ट मिठी मारली आणि एका दमात विचारलं, की बाप्तिस्मा झालाय का, आजोबा कुठले, आणि मक्याच्या पावात साखर घालतेस का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनीच दिली. तिसऱ्याच्या उत्तरासाठी मात्र अमेरिकेच्या दक्षिणेतलं ते सगळं हॅटर्सविल गाव श्वास रोखून उभं राहिलं. नेडीन नाही म्हणाली, म्हणून लग्न झालं.

हॅटर्सविलच्या गोऱ्यांच्या बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात ऑलिटाबाई दर रविवारी लहान मुलांचा वर्ग घेत. फ्लॅनेलच्या फळ्यावर कापडी चित्रं चिकटवत बायबलमधली गोष्ट सांगायची. चित्रं जुनाट. गल्याथाला नाक उरलं नव्हतं, आणि योनाचा मासा कसरीने फस्त केल्यामुळे योनाला दरवर्षी नुसतं भोक गिळत असे. बाई स्वतःच सिंह होऊन डरकाळी फोडत आणि स्वतःच दानीएल होऊन घाबरत. नेडीन मागे बसून सरबत वाटायची. तिची सहा वर्षांची डार्ला पहिल्या रांगेत असायची.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी एक काळा मुलगा कुंपणावरून चढला आणि गावच्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या पोहण्याच्या तलावात उतरला. त्याला पोलिसांनी नेलं. त्याच संध्याकाळी तलावातलं सगळं पाणी सोडून दिलं. मग फरशी घासली आणि शेवटी फाटकाला कुलूप लागलं. मुलांनी हे कुंपणापलीकडून पाहिलं होतं. घरोघरी त्यांना एकच सांगण्यात आलं, की तलावाला गळती आहे. नेडीननेही डार्लाला तेच सांगितलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी फिलिप्पाची आणि आफ्रिकेतल्या कूश देशाच्या काळ्या अधिकाऱ्याची गोष्ट होती. ऑलिटाबाईंनी तपकिरी कापडाचा अधिकारी फळ्यावर लावला, रथ खडखडवला, वाटेत पाणी लावलं आणि बाप्तिस्म्यासाठी दोघांना त्यात उतरवलं. डार्लाने हात वर केला.

"आजी, मग नंतर त्यांनी ते पाणी सोडून दिलं का?"

ऑलिटाबाई एका चिमुकल्या खुर्चीत बसल्या. खुर्ची करकरली, तरी कुणी हसलं नाही.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "आणि आपल्या तलावालाही गळती नाही. मोठी माणसं तुमच्याशी खोटं बोलली, मीसुद्धा. एका काळ्या मुलाच्या अंगाला लागलेलं पाणी आपल्याला नको होतं. त्याचं नाव काय, तेही मी विचारलं नाही. हे पाप आहे बाळांनो, आणि ते आपलं आहे."

मुलांनी हे जसंच्या तसं घरी नेलं. जेवणाच्या टेबलांवरची कोंबडी अर्धी व्हायच्या आत गावभर झालं.

आरडाओरडा कुणीच केला नाही. मंगळवारपासून ऑलिटाबाईंच्या पायरीवर भांडी येऊ लागली. वर्षानुवर्षं ज्यांच्या बाळंतपणाला, मयताला त्यांनी डबे पोचवले, त्यांच्याकडे राहून गेलेली बाईंचीच ती भांडी. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही हॅटर्सविलची रीत. गेला बाजार दोन पीच तरी घालायचे. ही सगळी रिकामी होती, लख्ख घासलेली. कुणी बेल वाजवली नाही. फोन मात्र वाजे, आणि उचलला की पलीकडे नुसता श्वास.

नेडीनचा नवरा हॉइट ज्या दुकानात कामाला होता, त्याचा मालक चर्चचा डीकन, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक. तो हॉइटशी अगदी मायेने बोलला. आईने येत्या रविवारी मुलांना एवढंच सांगावं, की मी चेष्टा केली.

तो निरोप सांगायला नेडीन सासूबाईंकडे गेली. ऑलिटाबाई भांडी मांडणीवर लावत होत्या.

"एक वाक्य तर म्हणायचंय, आई," नेडीन म्हणाली. "तुम्ही तर सिंहाचा आवाजही काढता."

"सिंहाचा आवाज काढला की मुलांना कळतं, आजी सोंग करतेय," बाई म्हणाल्या. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "बाकीच्यांची मुलं यायची नाहीत, ठाऊक आहे मला. तू डार्लाला आणशील ना? एकटी असली तरी मी वर्ग घेईन."

नेडीन हो म्हणाली.

रविवारी तिने चर्चसमोर गाडी उभी केली. आवारात एक पिकअप होता. आठवडाभर भरदुपारी तो तिच्या घरासमोर उभा असे, आणि आतला माणूस उकडलेले शेंगदाणे खात बसे. आज तो उतरून आला, टोपीला हात लावला आणि खिडकीतून वाकला.

"छान मोठी झाली हो पोर. त्या झोपाळ्यावर एकटीच खेळते रोज. लक्ष ठेवत जा, ताई."

तळघराच्या दारात ऑलिटाबाई उभ्या होत्या. डोक्यावर टोपी नव्हती. त्यांनी हात हलवला. डार्लानेही हलवला आणि उतरायला गाडीच्या दाराची कडी धरली.

"बस खाली," नेडीन म्हणाली, आणि तिने गाडी मागे घेतली.

पुढच्या आठवड्यात नेडीनने डार्लाचं नाव मेथडिस्टांच्या, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या चर्चमधल्या वर्गात घातलं. ऑलिटाबाई सप्टेंबरात दूर मोबील शहरात बहिणीकडे राहायला गेल्या आणि तिथेच राहिल्या.