पाठमोरी तोफ

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. हे मी कुठेही सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पिंपळगाव रेणुकाईला आमची कोरडवाहू जमीन, वडील आयुष्यभर औतामागे चाललेले. हैदराबादेस उर्दूतून बी.ए. करून मी घरी आलो, तेव्हा त्या कागदाला हात लावण्याआधी वडिलांनी हात धुतले होते. मला शिकवलं मात्र थोरल्या भावानं. तो जालन्यात एका जिनिंग कारखान्याची मोटर-लॉरी चालवायचा. भोकरदन, मंठा, जिथून मिळेल तिथून कापूस भरून आणायचा आणि चार माणसांत बसला की माझ्याच गोष्टी सांगायचा. त्याच्या या सांगण्यानंच पुढे घात केला, पण त्याला दोष कसा द्यावा?

बी.ए. होऊन नोकरी मिळेना. लढाई सुरू होती, म्हणून मी इंग्रजांच्या फौजेत भरती झालो. कारकून म्हणून. आधी आफ्रिकेचं वाळवंट, मग इटली. आमच्या वर्कशॉपकडे रणगाडे मारणाऱ्या गाड्या दुरुस्तीला यायच्या. सुरुवातीला त्या म्हणजे साध्या लॉऱ्याच. मागच्या हौद्यात छोटी तोफ घालायची, जागेवर नेऊन खाली उतरवायची आणि मग मारायची. उतरवेपर्यंत समोरचा रणगाडा अंगावर यायचा. म्हणून तोफ हौद्यातच पक्की बसवली, तोंड मागच्या बाजूला. पुढे शत्रूच्या रणगाड्यांचा पत्रा जाड झाला, म्हणून आमची तोफ मोठी झाली. तोफ मोठी झाली तशी लॉरीची कंबर मोडायला लागली. मग लॉरी सोडून रणगाड्याच्याच सांगाड्यावर तोफ चढवली. वर छप्पर नाही, कडेला पातळ पत्रा. या गाड्यांना जड चिलखत घालत नसत, कारण त्यांचा सगळा जीव पळण्यात होता. एक गोळा मारायचा आणि जागा सोडायची.

इटलीत अगदी शेवटी एक गाडी आली, तिच्याही तोफेचं तोंड मागे. झाडीत उलटी घुसवून ठेवायची, मारायचं, आणि गिअर टाकून नाकासमोर सुटायचं. गोरे शिपाई तिला हसले. मग हसायचं थांबले, कारण ती परत यायची. ज्या दुसऱ्या गाड्या ओढून आणाव्या लागत, त्या आधी आतून धुवाव्या लागत. कारकून असलो तरी ते काम मला चुकलं नाही. हौद्यातून काय काय निघायचं ते मी घरी कधी सांगितलं नाही. भावाला फक्त गाड्यांच्या गोष्टी सांगितल्या.

लढाई संपल्यावर मी जालन्यात शाळामास्तर झालो. भाऊ, वहिनी आणि त्यांची लहान मुलगी यांच्याजवळच राहत होतो. बाहेर हिंदुस्थान स्वतंत्र झाला, आमच्याकडे निजामाचंच राज्य राहिलं आणि वर गावोगाव निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद पलटणी उभ्या राहिल्या. आम्ही दारं लावून घेऊन हिंदुस्थानी फौजेची वाट पाहत होतो. पलटणवालेही तिचीच वाट पाहत होते, वेगळ्या अर्थानं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात बातमी पसरली की फौज औरंगाबादच्या रस्त्यानं येणार आणि तिच्यापुढे रणगाडे असणार. आमच्या भागातल्या पलटणीच्या सालारानं, म्हणजे मुखियानं, जिनिंगची लॉरी आणि ड्रायव्हर दोन्ही ताब्यात घेतले. कुठूनशी एक जुनी आखूड नळीची पहाडी तोफ आणली. आणि मला बोलावणं पाठवलं.

मी गेलो तर जिनिंगच्या आवारात लोहार लॉरीला लोखंडी पट्ट्या मारत होते. भाऊ मान खाली घालून बाजूला उभा.

"या बीए साहेब," सालार म्हणाला. "तुमचा भाऊ सांगून राह्यला, टँक मारायच्या गाड्या तुम्ही बनवल्या."

"बनवल्या नाहीत. सामान काढून देत होतो."

"पाह्यल्या तर बराबर?"

पाहिल्या होत्या. आता मी काय करायला हवं होतं ते मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलं आहे. ते तिथे नव्हते. गाडी नीट बनली तर मरणार होते ते आमचे सोडवणारे. गाडी वाईट बनली तर मरणार होता तो माझा भाऊ, कारण चाक त्याच्याच हातात राहणार होतं. मी भावाकडे पाहिलं आणि ठरवलं.

"तोफेचं तोंड मागं करा," मी म्हणालो. "लॉरी उलटी उभी करायची. गोळा मारला की गाडी सरळ निघून येते. पुढे तोंड केलंत तर नळी ड्रायव्हरच्या डोक्यावर येते. बार झाला की कॅबिन फुटेल."

सालार भोवतीच्या लोकांकडे पाहून म्हणाला, "ऐकलं का? दुश्मन समोर आल्यावर त्याला पाठ दाखवायची म्हणतेत मास्तर. आमच्या खानदानात हे कुणी केलं न्हाई."

"पाठ लॉरीची. तोफेची नाही."

"लॉरीची काय अन् माझी काय. लोकं बघतीन ना, कुणीकडं तोंड करून उभे हाय ते." लोहारांकडे वळून त्यानं हुकूम दिला, "तोंड पुढं."

"मग ड्रायव्हर दुसरा घ्या. मी बसतो."

"तुला चालवता येते?"

येत नव्हती. सालार हसला. "मंग कशाला बसतो? याला सगळे रस्ते माहीत हायेत. अन् याची बायको-पोरगी इथंच हाय. हा कुठं जात न्हाई."

घरी आल्यावर मी भावाला म्हणालो, "दादा, तू तरी बोलायचं होतंस."

"काय बोलू? खरं सांगू का, तू सांगितलेलं मलाबी पटलं न्हाई. उलटी गाडी घेऊन जायाचं म्हणजे? मी काय खेकडा हाय?"

"खेकडा जिता राहतो."

"राह्यतो, अन् लोकं त्याचं कालवण करतेत," तो म्हणाला. वहिनी हसली नाही. तिनं मला विचारलं, "भाऊजी, खरंच डोक्यावर येते का वो नळी?" मी हो म्हणालो. ती चुलीकडे वळली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कुंडलिका नदीपलीकडच्या माळावर एक बार काढून पाहिला. मला उभं केलं होतं. नळीतून जाळ निघाला आणि कॅबिनच्या काचा आत सांडल्या. लॉरी मागच्या चाकांवर बसल्यासारखी झाली. लोकांनी जयजयकार केला. भाऊ दार उघडून उतरला, दोन पावलं चालला आणि ओणवा झाला. दोन्ही कानांतून रक्त येत होतं. मी त्याला हाका मारत होतो, तो माझ्या ओठांकडे पाहत होता.

त्या दिवसापासून त्याला ऐकू आलं नाही. मुलगी पाठीमागून हाका मारून दमायची आणि मग त्याच्या सदऱ्याला लोंबकळायची. मी पुन्हा सालाराकडे गेलो. बहिरा ड्रायव्हर तुमच्या काय कामाचा, असं स्पष्ट विचारलं.

"ड्रायव्हरला ऐकायचं काय काम?" तो म्हणाला. त्यानं भावाच्या डाव्या दंडाला सुतळी बांधायला लावली, तिचं दुसरं टोक हौद्यातल्या तोफवाल्याच्या हातात. एक हिसका बसला की पुढे, दोन बसले की मागे. हिसक्याशिवाय गाडी हलवली तर घरच्यांचं काय होईल तेही त्यानं खुणेनं समजावलं. आमच्या दारात दोन बंदूकवाले बसवले.

फौज आली त्या दिवशी लॉरी औरंगाबादच्या रस्त्यावर एका कडुलिंबाच्या झाडाआड नेऊन ठेवली होती, तोंड पुढे करून. दुपारी लांबून धमाका ऐकू आला. थोड्या वेळात दारातले बंदूकवाले निघून गेले. मग आमच्याच आळीतला, तोफेवर नेमलेला एक जण चिखलानं माखून आला. उंबऱ्यापाशीच बसला.

"मास्तर, टँक दिसले अन् आम्ही ज्वारीत उड्या टाकल्या," तो म्हणाला. "सालार त्याच्या आधीच निघून गेल्ता. बार काढलाच न्हाई."

"आणि दादा?"

"तो आत होता." तो जमिनीकडे पाहत राहिला. "दोरी ओढायचं ध्यानातच राह्यलं न्हाई. म्या वरडलो, पण त्याला कुठलं ऐकू येतंय."

मी चालत गेलो. लॉरीचा पुढचा भाग उरला नव्हता. रस्त्यावर हिंदुस्थानी शिपाई होते, त्यांचा अधिकारी भला माणूस होता. माझं इंग्रजी ऐकून त्यानं मला जवळ जाऊ दिलं. मेलेला कोण, असं विचारलं. मी म्हणालो, "माझा भाऊ. त्याला जबरदस्तीनं बसवला होता." त्यानं टोपी काढली. मग लॉरीकडे पाहून तो हळूच म्हणाला, "हिची तोफ मागे तोंड करून बसवली असती तर आमची एखादी गाडी गेली असती आणि हा बहुतेक वाचला असता." जे होतं ते मी आणि शिपायांनी ताडपत्रीत गोळा केलं. असं काम मला येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अग्नी दिला. गावात मिरवणूक निघाली होती. मास्तर बी.ए. आहेत, चौकात दोन शब्द बोलतील, म्हणून काही जण बोलवायला आले आणि वहिनीला पाहून मागच्या मागे परतले. ते गेल्यावर वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, यायनी गोळा मारला होता का वो त्यांच्यावर?"

"नाही."

"मंग त्यांनी का मारला?"

"लांबून माणूस दिसत नाही, वहिनी. तोफ दिसते."

संध्याकाळी रणगाड्यांची दुसरी रांग आमच्या रस्त्यानं निघाली. घरं हादरत होती, लोक फुलं टाकत होते. मुलगी बाहेर न्या म्हणून रडायला लागली. मी तिला खांद्यावर घेतलं आणि दारात जाऊन उभा राहिलो. वर्षभर आम्ही ज्यांची वाट पाहिली होती, ते हेच.