पूजेला बसलेली बंदूक

जमिनीच्या मालकाची परवानगी असली, तर त्याच्या शेतात आलेलं हरीण मारायला हरकत काय, असं तुम्हाला वाटतं का? माझ्या व्यंकोजीमामाला काही दिवस तसं वाटत होतं. गेल्या महिन्यात तो बंगळुरातल्या येलहंकाच्या घरी, दुपारचं जेवून झोपला तो उठलाच नाही. मामेभाऊ शिवाचा फोन आला तेव्हा मी व्हाइटफील्डच्या मेट्रोत उभी होते. "अप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. मला आधी आठवलं ते आमचं अर्धवट राहिलेलं भांडण.

मामाची होसकोट्याच्या पुढे, कोलारच्या वाटेवर कोरडवाहू जमीन आहे. त्यात रागी, म्हणजे नाचणी, पिकते. पलीकडच्या माळावर काळविटांचा एक कळप असतो, कणसं भरली की शेतात उतरतो. रानडुकरं तर बोलावल्यासारखी येतात. मामाकडे पीक राखायच्या परवान्याची जुनी एकनळी बंदूक होती. हवेत बार काढण्यापलीकडे त्याने ती वापरल्याचं कुणाला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी व्हाइटफील्डचे एक गृहस्थ त्याच्याकडे आले. बरीच वर्षं अमेरिकेत राहून परतलेले, आपलेच मराठी. "काका, तिकडे हे सगळं लीगल आहे. शेतकरी सीझनपुरती जमीन लीजवर देतो, शिकारी येतात, शेतकऱ्याचं भागतं आणि हरणंही टिकतात."

"आणि इकडं?" मामाने विचारलं.

"इकडे... आपण फार्म-स्टे म्हणायचं. आवाज झालाच तर तो काकांच्या परवान्याच्या बंदुकीचा, पीक राखताना झालेला."

आपल्याकडे शिकार कायद्याने बंद आहे, जमीन कुणाचीही असो. मी तेच सांगायला येलहंकाला गेले. वन्यप्राणी वाचवा म्हणणारी पत्रकं वाटत वाढलेली मी, मुद्दे पाठच होते. मला पाहताच मामा मामीला म्हणाला, "चहा ठेव, लीडरम्मा आली."

"मामा, हा गुन्हा आहे."

"स्वल्प थांब की. तुझी पत्रकं माझी रागी राखतात काय? फुकटच्या जनावराला कोण जपतो? त्याच्यापासून चार पैसे मिळाले तर माळावर कुत्रं सोडू देणार नाही मी."

"जपून मारायचं?"

"कोंबडी जपतो ती काय शाळेत घालायला?"

मामी हसली. मला हसू आलं नाही. खरं तर त्याचं अर्धं बोलणं बरोबर होतं. नुकसान त्याचं होत होतं, हरणं सगळ्यांची होती. हे कुठल्याच पत्रकात कुणी लिहिलं नव्हतं.

मग ते गृहस्थ जमीन बघायला गेले. मामाने त्यांना कळप दाखवला. जीपमधून न उतरता त्यांनी विचारलं, "ह्यातला मोठा कुठला?" हे मामाने मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं. "मोठा कुठला म्हणे! बाजारात वांगी निवडतात तसं." पण त्याने नाही म्हटलं नाही. तो म्हणाला, "सरी, दसऱ्यानंतर बघू."

आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. मामाकडे कोयता, विळी, शिवाच्या स्कूटरची किल्ली आणि बंदूक. पूजेला बसलेलं हत्यार दशमीला उठवल्याशिवाय कुणी हलवायचं नाही. त्या वर्षी दशमीला मामाने सगळं उठवलं, फक्त बंदूक सोडून. फोन आला की तो गंभीरपणे सांगायचा, "पूजेत आहे हो. ती उठल्याशिवाय शेतात बार कसा काढायचा?" दिवाळी झाली, संक्रांत झाली. समोरचे बिचारे आदराने थांबत राहिले. धर्माच्या कामात घाई कशी करणार!

मला संताप यायचा. एकदा मी विचारलं, "सरळ नाही म्हणायला काय होतं तुला?"

तो म्हणाला, "नाही म्हटलं तर उद्या शेजारच्या शेतात जाईल तो. कळप त्याच्याही शेतात उतरतो. मी हो म्हणतोय तोवर तो माझ्या दारात अडकलाय." मी म्हटलं, हा भित्रेपणा आहे. तो म्हणाला, "असेल." तीच आमची शेवटची भेट.

परवानाधारक गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. शिवाने तिच्यावरची वाळकी माळ काढली आणि बंदूक देऊन आला. देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला, जिथे ती टेकलेली असायची, तिथे हळदीचा लांबट डाग आहे. मामी तो पुसू देत नाही.

त्या गृहस्थांनी सांत्वनाचा फोन केला आणि बोलता बोलता जमिनीचं विचारलं. शिवा मला म्हणाला, "अक्का, अप्पांसारखं झुलवत ठेवणं मला जमणार नाही. आणि नाही म्हटलं, तर अप्पा म्हणायचे तेच होणार." तो खरं बोलतोय. शिवाने नकार दिला, तरी कळप मारायला शेजारची जमीन उरतेच.

शिकारीला गिऱ्हाईकच नसेल तर मात्र कुठलीच जमीन उपयोगाची नाही. आणि हे गिऱ्हाईक माळावर राहत नाही. ते आपल्या सोसायट्यांत, आपल्या ऑफिसांत, आपल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला भेटतं. म्हणून ही पुरवणी वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. 'फार्मवर या, थोडं शूटिंगही होईल' असं आमंत्रण तुम्हाला आलं, तर कामाचं, तब्येतीचं, मुलांच्या परीक्षेचं कारण देऊ नका. येणार नाही, हे हरणं मारणं आहे, असं चारचौघांत सांगा, आणि त्याच दिवशी वनखात्याला कळवा.